पेस्टिंगची बादली

त्यानं दोन्ही हात उताणे करून पुढं धरले. आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नातली मेंदी उतरत आलीय. नखांच्या कडेला आणि तळव्याच्या घड्यांत तांबूस रेषा होत्या. पण उजव्या हाताच्या तीन बोटांवरची कातडी उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तशी सुटली होती आणि खालून आलेली नवी कातडी इतकी गुळगुळीत, की रेशनच्या मशीनवर त्याचा ठसा उमटत नव्हता. दोन महिने बायकोच्या अंगठ्यावर धान्य येत होतं.

"रंग धुऊन जातो भाऊ," तो म्हणाला. "कातडं मागनं जातं."

मार्गशीर्ष चालला होता. वांगणीतला त्याचा पाडा निम्मा रिकामा होता. कारवीच्या कुडाची घरं, दारांना आडव्या काठ्या, अंगणात म्हातारी माणसं आणि शेळ्या. धडधाकट माणूस या दिवसांत पाड्यावर दिसला तर लोक त्याला काय झालं म्हणून विचारतात. त्याला काय झालं हे मात्र सगळ्या पाड्याला आधीच ठाऊक होतं: दारू चढली. मुकादमानं तसं सांगितलं होतं, मळ्याच्या मालकानं सांगितलं होतं, आणि एव्हाना त्याचं स्वतःचंही तेच मत झालं होतं.

वांगणी हे नाव महाराष्ट्राला एकट्यानं आठवत नाही. ते 'वावर-वांगणी' असं जोडीनं येतं आणि त्याला १९९२-९३ हे साल चिकटलेलं असतं. जव्हार तालुक्यातल्या या गावांत त्या वर्षी शंभरावर बालकं कुपोषणानं दगावली. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, वर्तमानपत्रांची पानं भरली, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या काळात इथं येणारा प्रत्येक जण मुलांची वजनं आणि दंडाचे घेर मोजत होता. बाप दिवाळीनंतर कुठं जातो आणि तिथं हात कशात घालतो, हा प्रश्न त्या मोजमापात बसत नव्हता.

बाप दोन दिशांना जातो. एक रस्ता खाली उतरतो: विक्रमगड, मनोर, बोईसर. तिथं तारापूरची एमआयडीसी आहे. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्याही त्याच उताराला. दुसरा रस्ता वर चढतो: मोखाडा, त्र्यंबक, नाशिक आणि तिथून दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड. ती द्राक्षांची वाट. भात, नागली, वरई निघाली की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात कामही उरत नाही आणि काही महिन्यांत पाणीही. भाद्रपदात मुकादम उचल देऊन जातो. पाच-दहा हजार हातात पडले की माणसाचं नाव त्याच्या डायरीत चढलं.

हा माणूस वरच्या वाटेचा. पिंपळगावच्या पलीकडं पेस्टिंगला सलग तीन हंगाम गेला.

पेस्टिंग म्हणजे काय, हे रोज द्राक्षं खाणाऱ्या वाचकालाही सांगावं लागेल. नाशिककडं द्राक्षबागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यानंतर फळ येतं. आपल्याकडं कडाक्याची थंडी नसल्यानं वेलीला गाढ झोप लागत नाही आणि छाटल्यावर डोळे मागंपुढं फुटतात. सगळे डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून छाटणीनंतर दिवस-दोन दिवसांत काडीच्या शेवटच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. डॉर्मेक्स हे त्याचं सगळ्यांत रुळलेलं व्यापारी नाव. लावलेला डोळा आणि राहिलेला डोळा ओळखू यावा म्हणून पाण्यात रंग मिसळतात. हातमोज्यावर स्पंज बांधायचा, बादलीत बुडवायचा, काडी मुठीत धरून डोळा पुसायचा आणि पुढच्या काडीकडं सरकायचं. एकरात हजारो काड्या. द्रावण कोपरापर्यंत ओघळतं. हातमोजा दुपारपर्यंत फाटतो, आणि आतून ओला झालेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण औषध कातडीला घट्ट धरून ठेवतो. रोजंदारीही नाही, एकरी उक्तं. मोजा बदलण्यात गेलेला वेळ टोळीच्या पैशांतून जातो.

बाटलीवरचं पत्रक त्यानं कधी पाहिलं नाही. बाटली मालकाच्या शेडमध्ये असते. तिथं औषध मोजून बादलीत ओतलं जातं आणि मजुरापर्यंत फक्त बादली पोचते. पत्रक त्याला मिळालं असतं आणि त्या बारीक अक्षरांतून वाट काढता आली असती, तर एक सूचना त्याच्या कामाची होती: हे औषध हाताळण्याच्या आधी किंवा नंतर मद्य घेऊ नये.

त्या संध्याकाळी त्यानं अर्धा ग्लास देशी घेतली. दिवसभर हात वर धरून खांदे आखडले होते. पंधरा मिनिटांत तोंड, मान, छाती लालभडक झाली, कान तापले, काळीज धडधडायला लागलं, उलट्या झाल्या आणि उठायला गेला तो आडवाच झाला. "अर्धाच गिलास होता," त्याची बायको तिसऱ्यांदा सांगत होती. ती त्याच टोळीत होती, तिनं पाहिलं होतं. "मोहाची दोन गिलास घेऊन हा माणूस भात झोडपतो." रस्त्यावरच्या एका दवाखान्यात सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून परत पाठवला. उरलेली मजुरी उचलीत वळती झाली. दवाखान्याच्या चिठ्ठीवर दोन ओळी होत्या आणि त्यांतल्या एका ओळीत मद्यप्राशन असा शब्द होता. पेस्टिंग हा शब्द नव्हता, कारण तो कुणी विचारला नव्हता.

आता जरा रसायनशास्त्र. दारू यकृतात गेली की तिचं आधी असिटाल्डिहाइड होतं. हे विषारी. एक विकर लगेच त्याचा निकाल लावतं, म्हणून बहुतेकांना दारू झेपते. सायनामाइड त्या विकरालाच अडवतं. असिटाल्डिहाइड रक्तात साचतं, आणि मग चेहरा लाल, छातीत धडधड, उलटी, रक्तदाब खाली. दारू सोडवण्यासाठी जी गोळी देतात ती याच तत्त्वावर चालते. सायनामाइडचाच एक क्षार त्यासाठी औषध म्हणून वापरला गेलेला आहे. म्हणजे हा मजूर दिवसभर कातडीवाटे दारूबंदीचं औषध घेत होता, त्याला न सांगता.

यात नवं काही नाही. कॅल्शियम सायनामाइड बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार संध्याकाळी मद्य घेतलं की लालबुंद होऊन कोसळतात, हे जर्मनीत कोल्श नावाच्या डॉक्टरनं १९१४ साली नोंदवून ठेवलं. शंभराहून जास्त वर्षं झाली. युरोपीय संघानं २००८ साली हायड्रोजन सायनामाइडला आपल्या मंजूर यादीत जागा नाकारली, आणि कारणांत वापरणाऱ्याच्या प्रकृतीचा धोका होता. आपल्या मळ्यात मात्र अशा कोसळण्याचं निदान आजही 'जास्त झाली' असंच होतं. गरीब माणूस कोसळला आणि तोंडाला वास आला की पुढचा तपास संपतो. हे डॉक्टरचं, पोलिसाचं आणि शेजाऱ्याचं सारखंच.

कायद्याचं तसं नाही, आणि इथं मला खरंच थांबायला हवं.

कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची, हा कायदा आपल्याकडं १९२३ सालचा. जन्मला तेव्हा त्याच्या नावात 'वर्कमेन' होते, २०१० पासून 'एम्प्लॉईज' झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला तो सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. चौकट बरीचशी तीच आहे आणि त्याआधीच्या घटनांना जुनाच कायदा लागू, म्हणून पुढं कलमं जुन्या कायद्याचीच देतो. या कायद्यानं दारूची बाब कलम ३ मध्येच हाताळली आहे. अपघाताच्या वेळी कामगार नशेत होता आणि त्यामुळंच इजा झाली, असा बचाव मालकाला घेता येतो. पण कामगार मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हा बचाव चालत नाही. मेलेल्या माणसाच्या विधवेला 'तुझा नवरा पिऊन होता' असं सांगून परत पाठवता येणार नाही, असं इंग्रज सरकारच्या काळातच कायद्यानं लिहून ठेवलं. गावच्या बैठकीत मात्र अजून तेच सांगून पाठवतात.

गावच्या बैठकीवरूनच आणखी एक. असं काही घडलं की मालक, मुकादम, दोन्हीकडची चार माणसं बसतात, पन्नास हजार-लाखावर तोड होते, शंभराच्या स्टॅम्पवर 'यापुढे काही मागणी नाही' असं लिहून अंगठा घेतात. कलम १७ प्रमाणं भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल. कलम ८ प्रमाणं मृत्यूच्या प्रकरणात मालकानं वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. ती भरपाई आयुक्तांकडं जमा करावी लागते, आणि आगाऊ म्हणून दिलेली थोडी रक्कमच तीतून वळती होते. स्टॅम्पपेपरची किंमत शंभर रुपयेच.

रकमा बघा. मृत्यू झाला तर महिन्याच्या वेतनाच्या निम्मे, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. पस्तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक १९७.०६. रोज ४०० रुपये आणि २६ दिवस धरले तर महिना १०,४००, निम्मे ५,२००, गुणाकार १०,२४,७१२ रुपये. जुन्या कायद्याखाली वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० होती. तेवढं वेतन धरलं तर १४,७७,९५०. मी हा हिशेब पाड्यावरच वहीच्या पाठीमागं केला. त्याची बायको म्हणाली, "हे मेल्यावर ना?" कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे जिवंत माणसाचे जास्त, असं सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

मग अडतं कुठं? दोन ठिकाणी, आणि दोन्ही जागा मजेशीर आहेत. मजेशीर हा शब्द त्यांच्यासमोर वापरायची माझी छाती झाली नसती.

पहिली जागा आजारांची यादी. अपघाताला दिवस, वेळ, जागा असते. आजाराला नसते. म्हणून कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामातून होणारे आजार तीन भागांत लावलेत. पहिल्या भागातला आजार त्या कामावर असताना झाला की तो कामामुळंच झाला असं गृहीत धरायचं. उलटं सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. शिसं या भागात आहे, आणि ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधाही. फवारणीची कितीतरी कीटकनाशकं याच कुळातली. दुसऱ्या भागातल्या आजारांना तोच फायदा मिळतो, पण त्याच मालकाकडं सलग सहा महिने काम झालेलं हवं. रसायनांनी होणारे त्वचारोग या दुसऱ्या भागात. पेस्टिंगची टोळी एका मळ्यात तीन दिवस असते. सहा महिन्यांत ती तीस मालक बदलते. म्हणजे ज्याच्या बोटांची साल तीस बागांमध्ये मिळून गेली, त्याची साल कायद्याच्या हिशेबी कुणाच्याच बागेत गेली नाही. तिसऱ्या भागातल्या, सिलिकोसिससारख्या आजारांना 'अनेक मालकांनी हिश्शानं द्यावी' अशी सोय आहे. बोटांना ती नाही. त्या संध्याकाळचं कोसळणं मात्र एका दिवसाचं, एका मळ्यातलं. ते सरळ अपघात म्हणून मांडता येतं.

दुसरी जागा माणसांची यादी. शेतमजूर कामगार आहे का? दुसऱ्या अनुसूचीनं तीन वाटा ठेवल्यात. शेतीत गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी पंचवीसहून जास्त माणसं कामाला असतील तर ती सगळी कामगार. किंवा ट्रॅक्टर अथवा यांत्रिक शक्तीच्या, विजेच्या साधनानं होणाऱ्या शेतीतलं काम. किंवा शेतीतली कीटकनाशकांची फवारणी; पाठीवर पंप घेऊन कपाशी फवारणारा विदर्भातला मजूर या तिसऱ्या वाटेत बसतो. पेस्टिंग ही फवारणी नाही, तिला पहिल्या दोनच वाटा. पण नाशिकच्या द्राक्षबागेत पाठीवरचा पंप कधीच गेला. तिथं छोट्या ट्रॅक्टरमागं ब्लोअर असतो, नाहीतर एचटीपी पंपाला लांब नळ्या आणि हातात गन. गोडी छाटणीच्या धांदलीत एका मळ्यात तीस माणसांची टोळी उतरते. म्हणजे बहुतेक मोठ्या बागांत मजूर या कायद्याचा कामगार ठरू शकतो, आणि टोळी मुकादमामार्फत आली असली तरी कलम १२ प्रमाणं मूळ मालक जबाबदार. हे मी नाशिककडच्या एका बागायतदाराला सांगितलं तेव्हा त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

त्याचीही बाजू आहे. हा काही शेठ नव्हता. अडीच एकर बाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, भुरी आणि डावणी या रोगांच्या मागं पहाटे चारला ब्लोअर घेऊन स्वतःच धावणारा. "माझे डोळे बघा," तो म्हणाला. लाल होते. "दहा लाख मी कुठनं देणार?" प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे: या जबाबदारीचा विमा मिळतो. त्याच्या बागेला हवामानावर आधारित फळपीक विमा होता. ट्रॅक्टरला विमा होता. माणसांचाही उतरवता येतो, हे त्याला कुणी विकायला आलंच नव्हतं.

अशा घटनेत सरकार देतं ती मदत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात पोचले. विशेष तपास पथक बसलं, मृतांच्या वारसांना दोन लाख जाहीर झाले. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाची अपघात योजना आहे, तीत कीटकनाशकाची विषबाधा येते आणि रक्कम पुन्हा दोन लाखच. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राबणाऱ्याला नाही. यवतमाळच्या लोकांनी नंतर स्वित्झर्लंड गाठलं. 'पोलो' या कीटकनाशकाच्या कंपनीविरुद्ध २०२० साली तक्रार गेली, पुढच्या वर्षी बाझलच्या दिवाणी कोर्टात दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांचे दावे दाखल झाले. कंपनीनं आपला संबंध नाकारला. बाझलच्या कोर्टात जाणं यवतमाळच्या माणसाला आपल्या जिल्ह्यातल्या आयुक्ताकडं जाण्याइतकंच शक्य वाटावं, यात आपल्या जिल्ह्याबद्दल जे काय कळायचं ते कळतं.

खालच्या वाटेवर, बोईसरला, कागद तरी असतात. निदान असायला हवेत. वांगणीचाच एक तरुण तिथं ठेकेदारामार्फत ड्रम धुतो. त्याच्याकडं गेटपास आहे आणि विमा रुग्णालयाचा म्हणजे ईएसआयचा नंबर आहे, तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलाय. ईएसआय लागू असेल तर भरपाईच्या कायद्याखाली दावा करता येत नाही. आजारांची यादी जवळपास तीच, पण पैसे महामंडळ देतं, आणि त्याआधी वैद्यकीय मंडळासमोर बसावं लागतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, घातलेल्या कलम ४१-सी प्रमाणं धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी, कामावर असताना आणि काम सोडल्यावरही दर बारा महिन्यांच्या आत तपासणी करायची असे. काम सोडल्यावरही. हे वाचून दाखवल्यावर त्या तरुणानं विचारलं, "सोडल्यावर ते मला वांगणीत शोधायला येणार?" तारापुरात ११ जानेवारी २०२० ला स्फोट झाला तेव्हा रात्रीतच पाच-पाच लाख जाहीर झाले होते. स्फोटाचा आवाज मुंबईपर्यंत जातो. ड्रम धुणाऱ्याचा खोकला पाड्यावरच्या शेजारच्या घरापलीकडं जात नाही.

शरीर घरी येतं आणि पुरावा कामाच्या जागी राहतो. स्थलांतरिताच्या आजाराचं सगळं त्रांगडं हेच आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर-धारच्या आदिवासींना हे आपल्या आधी भोगावं लागलं. ते गुजरातेत गोध्रा-बालासिनोरला गारगोटीचा चुरा करणाऱ्या कारखान्यांत जात, फुप्फुसात सिलिका भरून परत येत आणि गावात क्षयरोगी म्हणून मरत. कारखान्याच्या हजेरीपटावर ते कधी नव्हतेच. मग तिथल्या संघटनांनी गावोगाव फिरून याद्या केल्या: कोण, कुठल्या कारखान्यात, किती महिने, कधी मेला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना तीन-तीन लाख देण्याची शिफारस केली. गुजरात सरकारनं ते द्यावेत असं सुप्रीम कोर्टानं मे २०१६ मध्ये सांगितलं. मुंबईत गिरण्यांमधल्या बिसिनोसिसच्या, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसरोगाच्या, रुग्णांचे दावेही असेच माणसामाणसाला तपासून उभे राहिले. १९८८ पासून चाललेलं ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर आणि डॉ. मुरलीधर यांचं नाव त्यात घ्यावं लागतं. छाती सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी का भरते, एवढ्या प्रश्नावर कापसाचा आजार साध्या दम्यापासून वेगळा ओळखता येतो. प्रश्न विचारणारा डॉक्टर मात्र लागतो. ॲस्बेस्टॉसच्या निकालात सुप्रीम कोर्टानं १९९५ साली कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितल्या. मुकादमाची डायरी दर दिवाळीला नवी येते.

तरीही द्राक्षबागेत कागद नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. कागदच कागद आहेत, फक्त ते द्राक्षाच्या नावावर आहेत.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षाची आपल्याकडं जी व्यवस्था आहे तिचा मला मनापासून आदर आहे. अपेडा या निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट नोंदणीत प्रत्येक निर्यात बागेची नोंद, तिला स्वतंत्र क्रमांक. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती प्रमाणात, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर, हे सगळं शेतकऱ्यानं लिहून सही करायची. मग प्रयोगशाळेत रेसिड्यूची, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाची, तपासणी. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश युरोपात किलोमागं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा अंश सापडला तेव्हा आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि नाशिकच्या कित्येक घरांत त्या वर्षीची लग्नं पुढं गेली. तेव्हापासून बागायतदार या वहीला घाबरून असतो. हॅम्बर्गच्या दुकानातल्या घडावरून मागं मागं येत पिंपळगावच्या बागेतल्या फवारणीच्या तारखेपर्यंत पोचता येतं.

आता भरपाई मागणाऱ्या मजुराला काय सिद्ध करायचं असतं? कुठल्या तारखेला, कुठल्या बागेत, कुठल्या औषधाशी त्याचा संबंध आला. तारीख, बाग आणि औषध त्या वहीत मालकाच्या सहीनिशी आहेत. त्या तारखेला बागेत कोण होतं, हे मुकादमाच्या खिशातल्या डायरीत आहे: टोळीतली नावं, कुणाची किती उचल फिटली, कुठल्या दिवशी किती एकर. कृषी सेवा केंद्राचं बिल हा तिसरा कागद. तिन्ही एकाच टेबलावर आले तर आयुक्तांपुढं चांगली केस उभी राहते, आणि ती नाशिकलाच लढवायला हवी असंही नाही. १९९५ पासून दावेदार जिथं राहतो तिथंही दाखल करता येते. मुदत दोन वर्षं, आजारात ती कामावर न जाता आल्याच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि कारण पटलं तर उशीर माफ होतो. कलमं सगळी आहेत. मला कायद्याचं कौतुक करायचं नव्हतं, पण एवढं वाचल्यावर त्याला दोष देणंही जमत नाही.

चौथा कागद फक्त जव्हारमध्ये तयार होऊ शकतो. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात या टापूतला आजारी माणूस शेवटी येतोच. सापाच्या दंशाला कुठला साप म्हणून विचारतात. हाताची साल गेलेल्या माणसाला कुठलं औषध म्हणून विचारलं आणि ते केसपेपरवर उतरलं, तर त्या एका ओळीला सही-शिक्का लागतो. फवारणीच्या माणसाच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज त्याच आठवड्यात मोजलं तर विषबाधेचा आकडाही मिळतो. काही आठवड्यांनी तो पुष्कळसा भरून आलेला असतो. आपल्या पेस्टिंगवाल्याच्या केसपेपरवर मी पाहिलं तेव्हा 'व्यवसाय: मजुरी' होतं. खाली मलम आणि गोळ्या.

भाद्रपदात मी पुन्हा गेलो. खाचरांत भात पोटरीला आलं होतं आणि मुकादम दोन दिवसांपूर्वी येऊन गेला होता. बोटांची कातडी आता वरून बरी दिसत होती. शर्टाचं बटण लावताना मात्र तो बोटांकडं बघत होता, हाताला बटण कळत नाही म्हणून. यंदाची उचल बायकोच्या नावावर घेतली होती. पेस्टिंग नाही, नंतरचं विरळणी आणि डिपिंग. त्या कामात औषध मगात असतं आणि घड एकेक करून त्यात बुडवायचा असतो. हे औषध वाढीचं, जिब्रेलिक ॲसिड, सायनामाइडइतकं जहाल नाही. पण शेजारच्या ओळीत ब्लोअर चालू असतो आणि बाया, त्यांची झोळीतली पोरं, तिथंच असतात.

त्याची मुलगी नववीत आहे, आश्रमशाळेत. सणाला घरी आली होती. गेल्या खेपेला मी केलेला हिशेब तिनं वहीच्या पाठीमागून फाडून ठेवला होता आणि गुणाकार तपासला होता; बरोबर होता. तिला मी चार कागदांचं सांगितलं. तिनं शंभर पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, गाव, मालकाचं नाव, काम, औषध, टोळीत कोण. आई रोज रात्री फोनवर सांगेल आणि ही लिहील, असं ठरलं.

"पहिली ओळ आत्ताच लिहू का?" तिनं विचारलं. उचल घेतल्याची तारीख लिहिली. मुकादमाचं नाव लिहिलं. मग आईकडं बघितलं.

"मालक कोण?"

"ते गेल्यावर कळतं बाय."

तिनं त्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही. पिंपळगावच्या पुढं.